थँक्यू कशाला म्हणालीस

आज गुरुवार. रविवारपासून डोक्यात तेच चाललंय म्हणून शेवटी लिहायला बसले. पोरगा झोपलाय, ह्याची नाइट आहे, त्यामुळे काय झालं म्हणून विचारणारं कोणी नाही.

रविवारी आईला थँक्यू म्हणाले. एवढंच झालंय.

काकू शनिवारी इकडे इंग्लंडात, लेस्टरला पोचल्या आणि त्यांच्या बॅगेतून आईचं पार्सल आलं. भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, सगळं दोन-दोन पिशव्यांत घालून रबर लावलेलं, वर वर्तमानपत्र, आणि त्यावर निळ्या पेनाने तिच्या अक्षरात 'भाजणी, लवकर संपव'. पेढे नव्हते. दुधाचं काही इकडे आणू देत नाहीत हे मी तिला एकदाच सांगितलं होतं, तेही तीन वर्षांपूर्वी, आणि साताऱ्याच्या बाईने लेकीला पार्सल पाठवताना कंदी पेढे ठेवले नाहीत म्हणजे तिला किती जिवावर आलं असेल ते मलाच माहिती. भाजणीची पिशवी उघडली आणि धन्याजिऱ्याचा तो वास आला, आणि मला तिचं मनगट दिसलं, उजवं. ज्वारी वेगळी भाजायची, बाजरी वेगळी, तांदूळ वेगळे, डाळी वेगळ्या, आणि प्रत्येक वेळी कढईत उलथनं फिरवत उभं राहायचं, त्या मनगटाने. त्याबद्दल आज लिहीत नाही.

तर रविवारी फोन लावला आणि उचलल्या उचलल्या म्हणाले, आई थँक्यू गं, खरंच, थँक्यू सो मच.

तिकडे काहीच नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "थँक्यू कशाला म्हणालीस?"

रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, मला तो आवाज माहितीय. हा वेगळा होता, दारात कोणी अनोळखी आलं की कोण पाहिजे विचारतो ना तसा. मग नळाला पाणी कसं येतंय ते झालं, दादाचं झालं, वहिनीचं अर्धवट झालं, आणि म्हणाली बरं ठेवते. आमचा रविवारचा फोन पाऊण तासाच्या आत कधी संपत नाही. या रविवारी अकरा मिनिटं. मी नंतर बघितलं.

सोमवारपासून मी मोजायला लागले की मी दिवसात किती वेळा थँक्यू म्हणते. बसमध्ये चढताना कार्ड टेकवलं की एक. उतरताना एक, कारण लेस्टरच्या बसला पुढचं एकच दार, ड्रायव्हरच्या शेजारून उतरायचं, आणि उतरणारा प्रत्येक माणूस, शाळेतली दांडगी पोरंसुद्धा, थँक यू किंवा चिअर्स म्हणूनच उतरतात. दुकानात सामान स्कॅन झालं की ती बाई म्हणते थँक यू, मी पैसे देते तेव्हा थँक यू, ती पावती देते तेव्हा मी थँक यू, आणि वर ती 'थँक्स मी डक' म्हणून निरोप देते. पहिल्यांदा ते डक ऐकलं तेव्हा घरी येऊन ह्याला विचारलेलं की मला बदक का म्हणाली. आता ते ऐकलं की बरं वाटतं, आपल्याकडे भाजीवाली 'घे गं बाय' म्हणते तसं वाटतं. दार धरलं तर थँक्यू, दार धरल्यावर पुढचा घाईघाईने येतो तो आधी सॉरी म्हणतो आणि मग थँक्यू. सोमवारी दुपारपर्यंत एकतीस झाले, मग मोजायचं सोडलं.

हे आपोआप नाही आलं. शिकावं लागलंय. मी पाचवीपासून इंग्रजी शिकले आणि आम्हाला जे शिष्टाचाराचं इंग्रजी शिकवलं ते म्हणजे 'मे आय कम इन सर' आणि रजेच्या अर्जातलं 'आय बेग टू स्टेट दॅट' आणि खाली 'युवर्स ओबीडियंटली'. ते सगळं मी प्रामाणिकपणे पाठ केलं होतं. इथे आल्यावर पोराच्या नर्सरीला पहिली ईमेल लिहिली त्यात शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' लिहिलं होतं. लायब्ररीतल्या क्लासच्या बाईंना दाखवली तर त्या जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, फार सुंदर आहे, पण आता इथे असं कोणी लिहीत नाही. म्हणजे इंग्रजांनी सोडून दिलेलं आपण कपाटात नीट घड्या घालून ठेवलंय.

त्या बाई फार चांगल्या. एकदा वर्गात कोणीतरी विचारलं की इंग्रजीत मोठ्यांना वेगळं का नाही बोलत, तर त्या म्हणाल्या पूर्वी होतं, दाऊ म्हणजे तू आणि यू म्हणजे तुम्ही. मग हळूहळू दाऊ मागे पडला आणि यू सगळ्यांना लागू झाला. मला हे इतकं आवडलं. म्हणजे इंग्रजांनी अहो ठेवलं आणि अगं-अरे टाकलं. मग मोठ्याला मान द्यायचा, एखाद्यावर आपलं ओझं पडू द्यायचं नाही, हे सगळं दाखवायला त्यांच्याकडे क्रियापद उरलंच नाही, म्हणून ते प्लीजमध्ये आणि कुड यू, वुड यू माइंडमध्ये जातं. आपल्याला प्लीज लागत नाही कारण 'देता का जरा' यातल्या देतामध्ये आणि जरामध्ये ते आहेच. कृपया हा शब्द मी जन्मात कोणाला तोंडाने म्हटलेला नाही, तो स्टेशनवरच्या बाई म्हणतात. पण 'गिव्ह मी वन टी' म्हणताना माझ्या मनात 'एक चहा द्या ना' असतं, आणि तो 'ना' इंग्रजीत कुठे ठेवायचा ते मला दोन वर्षं कळलं नव्हतं, आणि समोरच्याला फक्त हुकूम ऐकू येत होता. दोन वर्षं मी लोकांना उद्धट वाटत होते आणि मला वाटायचं हे लोक थंड आहेत.

बाईंनी एकदा 'आय वॉज वंडरिंग इफ' शिकवलं. सगळे वैतागले, आत्ता विचारायचंय तर वॉज कशाला. मी हात वर करून सांगितलं की आमच्याकडे पण असंच आहे, शेजारणीकडे काही मागायला गेलं की 'एक विचारायचं होतं' म्हणतो, 'मी काय म्हणत होते' म्हणतो, विचारायचं आत्ताच असतं पण होतं म्हणतो. बाईंनी ते फळ्यावर लिहून घेतलं, रोमन अक्षरांत. तो दिवस फार चांगला होता.

गेल्या वर्षी बी-वनची, म्हणजे इंग्रजीच्या त्या पातळीची, परीक्षा दिली, बोलायची-ऐकायची, दहा मिनिटं, त्यातली पाच आपण निवडलेल्या विषयावर. मी गणपती घेतला होता. पास झाले. नंतर लाइफ इन द यूके, म्हणजे इथल्या इतिहासाची आणि कायद्यांची परीक्षा, ४५ मिनिटांत २४ प्रश्न आणि १८ बरोबर यावे लागतात, तीही पास झाले. पण कॅशवरच्या बाईने 'यू ऑलराइट?' विचारलं तर ती तब्येत विचारत नाहीये हे त्या दोन्हींत नाही. मी पहिल्या वर्षी एकीला खरं सांगितलं होतं, की नाही, पोराला ताप आहे, रात्रभर झोप नाही. ती घाबरली बिचारी. तिच्यामागची रांग पण गप्प झाली. आता मी 'ऑलराइट, यू?' म्हणते आणि पुढे सरकते. त्या दिवशी मात्र मला कोणीतरी खरंच विचारायला हवं होतं.

आणि तरी चुकतंच. सप्टेंबरात शाळेच्या किचनमध्ये वाढत असताना एका पोरीला घाईत म्हणाले, प्लेट पुढे कर. सहा वर्षांची ती, वेणी घातलेली, माझ्याकडे बघून म्हणाली व्हॉट्स द मॅजिक वर्ड? बरोबरच होतं तिचं, रोज आम्हीच त्यांना विचारतो. मी प्लीज म्हणाले. तिने प्लेट पुढे केली आणि थँक यू म्हणाली.

मंगळवारी बसमध्ये हेच सगळं आठवून रडू आलं. इकडे सहा वर्षांची मुलगी मला प्लीज शिकवते, तिकडे आईला माझं थँक्यू टोचतं. सात वर्षं मी जीव तोडून शिकतेय आणि जे शिकले ते नेमकं जिथे म्हणायचं नाही तिथे म्हणाले. खिडकीकडे तोंड करून बसले होते, आणि उतरायला उठताना माझा पाय शेजारच्या आजींच्या बुटाला लागला. माझा हात आपोआप खाली गेला, त्यांच्या गुडघ्याला लागला आणि परत माझ्या छातीला. लहानपणापासून जातो तसा. त्या म्हणाल्या 'ओह सॉरी, लव्ह'. पाय माझा लागला आणि सॉरी त्या म्हणाल्या. आणि गुडघ्याला हात का लावला असं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, उलट त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, क्षणभरच. मी थँक यू म्हणून उतरले, ड्रायव्हरलाही म्हणाले, आणि स्टॉपवर उभी राहिले तर रडू थांबलेलं होतं.

तेव्हापासून थोडं वेगळं दिसायला लागलंय.

माझा पोरगा आजीला दर रविवारी थँक यू आजी म्हणतो. आणि ती केवढी खूश होते! 'वेलकम राजा' म्हणते, शेजारच्या काकूंना सांगते नातू कसा बोलतो. मग मी म्हटलं तर काय झालं? शब्द तोच. मी दोन दिवस हेच घोळवत होते, आणि काल डबे भरताना कळलं, निदान मला तरी असं वाटतं. पोराच्या थँक्यूनंतर तो बोलतच राहतो, शाळेचं सांगतो, दात दाखवतो. मी म्हणाले आणि संपलं. इथे थँक्यू म्हणजे व्यवहार पूर्ण झाला, तुम्ही सुटे, मी सुटे, पुढचा माणूस काउंटरला या. दुकानात ते छानच आहे, कोणाचं कोणावर काही राहत नाही. आईने एवढ्या कष्टाने पाठवलेलं, आणि मी उचलल्या उचलल्या हिशोब मिटवून टाकला.

मी काय म्हणायला हवं होतं ते मला पाठ आहे खरं तर. कशाला गं एवढा उपद्व्याप केलास. हात दुखतोय ना तुझा. इकडे सगळं मिळतं, कोणी सांगितलं होतं भाजत बसायला. म्हणजे भांडायचं. मग ती म्हणणार, मिळतं ते काय खरं असतं होय, मी म्हणणार वहिनीला सांगायचं ना भाजायला, ती म्हणणार तिला जमत नाही, करपवते, मग वहिनीचं पूर्ण झालं असतं, आणि पाऊण तास कुठे गेला कळलं नसतं. आम्ही तिघंही तिच्याशी असेच बोलतो, आणि बाबा सुद्धा आयुष्यभर चांगलं झालंय असं न म्हणता नुसतं ताट पुढे करायचे, अजून वाढ म्हणून.

पण मला थँक्यूची लाजही वाटून घ्यायची नाहीये. आमच्याकडे धुणंभांड्याला मावशी होत्या, माझ्या जन्माच्या आधीपासून. त्यांना मी कधी काही म्हटल्याचं आठवत नाही. आभार नाही, थँक्यू नाही, आणि भांडून माया दाखवायची म्हणाल तर तेही नाही, तेवढ्या आमच्या त्या नव्हत्या आणि तेवढ्या परक्या पण नव्हत्या. इथला ड्रायव्हर दिवसभरात शेकडो वेळा ऐकत असेल ते. मावशी गेल्या त्याला आता. असो.

आज संध्याकाळी थालीपीठं केली. कांदा, कोथिंबीर, ओल्या फडक्यावर थापलं आणि तव्यावर टाकलं. पोराने दोन खाल्ली, मी उभ्या उभ्या तीन. फोन लावायचा धीर झाला नाही, तिकडे उशीर पण झाला होता, म्हणून फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, 'कशाला एवढी पाठवलीस, माझं वजन वाढतंय.'

मला वाटलं झोपली असेल. दोन मिनिटांत मेसेज आला.

'मधलं भोक कुठंय? तेल कुठून सोडलंस?'

मी लिहिलं, विसरले गं.

'विसरतेस कशी? रविवारी फोन कर, सांगते. लोणी नसेल तर दही घे बरोबर.'

दही आहे घरात. भाजणी अजून अर्ध्याहून जास्त आहे.