त्या फोटोत दुसऱ्याचं मूल होतं

लेकीचा चौथा वाढदिवस इथे जर्मनीत तिच्या बालवाडीत साजरा झाला. कागदी मुकुट घालून ती मधोमध बसलेली, भोवती सहा-सात चिमुरडी. मी फोटो काढला आणि तिथल्या तिथे घरच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी एका मुलाची आई दारात भेटली. आवाज न चढवता तिने विचारलं, "त्यात माझा मुलगाही आहे. तो फोटो कुठे कुठे गेलाय?"

मला उत्तर देता येईना. मावशीने तो कौतुकाने मैत्रिणींना पाठवला होता, तिथून पुढे कुठे गेला, कोण जाणे.

आधी रागच आला. मुलांचा साधा फोटो, त्यात एवढं काय! पण जर्मनीत या प्रश्नाला जुनी मुळं आहेत. १८९८ साली जर्मनीचे पहिले चॅन्सलर बिस्मार्क वारले, त्या रात्री दोन फोटोग्राफर त्यांच्या खोलीत घुसले आणि त्यांनी मृतदेहाचा फोटो काढला. त्यावरून मोठं प्रकरण झालं आणि १९०७ मध्ये कायदा आला : कुणाचंही छायाचित्र पसरवायचं तर त्याची संमती हवी. काही अपवाद सोडले तर ते कलम आजही लागू आहे. पुढे पूर्व जर्मनीत श्टासी या गुप्त पोलिसांनी लोकांवर पाळत ठेवून एका ओळीत लावली तर शंभर किलोमीटरहून लांब भरतील एवढी कागदपत्रं जमवली. १९९२ पासून लोकांना आपापली फाइल वाचायला मिळू लागली. कित्येकांना तेव्हा कळलं, खबरा देणारा आपलाच मित्र होता.

घरी येऊन बालवाडीचा फॉर्म काढला. प्रवेशाच्या वेळी मी न वाचताच सही केली होती. फोटोबद्दल त्यात तीन वेगवेगळे प्रश्न होते. वर्गाच्या भिंतीवर लावला तर चालेल? मुलाच्या फाइलमध्ये? वेबसाइटवर? प्रत्येकापुढे हो किंवा नाही. फोटो काढणं वेगळं आणि तो हाताबाहेर जाऊ देणं वेगळं; रेष या दोहोंच्या मधे ओढायला हवी, असं मला आता ठामपणे वाटतं. आपल्या पोटच्या मुलाचा फोटो असला तरी.

मावशीला फोन केला. ती दुखावली. "अगं, आपल्याच माणसांना दाखवला ना?" तिची माया खरी आहे. पण त्या मुलाची ती कुणीच लागत नाही, हे सांगताना मलाही जड गेलं. तिने तीन जणींना फोटो काढून टाकायला लावला. चौथीकडून उत्तरच आलं नाही.

त्या आईला मी हे जसंच्या तसं सांगितलं.