लोंसँ: बिग बर्थाने फोडलेला किल्ला

लेक जर्मनीत आखेनला असते. तिच्याकडे गेलो की राजवाडे, चर्च बघून मी लवकर कंटाळतो. पण जन्म बांधकामाच्या साइटवर गेलेला, त्यामुळे या खेपेला बेल्जियममधला लोंसँचा किल्ला बघायचाच होता. किल्ल्याजवळचं लिएज शहर आखेनहून रेल्वेने तासाभरावर, पुढे बस. आम्ही उलट्या दिशेच्या बसमध्ये बसलो आणि अर्धा तास गेला. चढण्याआधी ड्रायव्हरला विचारून घ्या.

किल्ला म्हटलं तरी तट-बुरूज नाहीत. जमिनीत गाडलेला काँक्रीटचा त्रिकोण, भोवती कोरडा खंदक. ब्रियालमाँ नावाच्या सेनाधिकाऱ्याने लिएजभोवती 1888 ते 1892 या काळात असे 12 किल्ले बांधले, ते 21 सेंटिमीटरच्या तोफांचा मारा सोसतील या हिशेबाने. तोफा बनवणाऱ्या क्रुप या जर्मन कंपनीने मात्र पुढे गुपचूप 42 सेंटिमीटरची तोफ केली. आधीची गामा जवळपास 150 टनांची, रुळांशिवाय हलेना. म्हणून चाकांवरची, साधारण 42 टनांची दुसरी आली. सुटे भाग ट्रॅक्टरने ओढत न्यायचे आणि जागेवर जोडायचे. हीच बिग बर्था. गोळा 800 किलोच्या आसपास, पल्ला नऊ किलोमीटरहून थोडा जास्त.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ऑगस्ट 1914 मध्ये जर्मनांनी अशा दोनच तोफा लिएजला आणल्या. 12 तारखेला पोंतिसच्या किल्ल्यावर पहिला गोळा पडला. 15 ला संध्याकाळी लोंसँचं दारूकोठार उडालं. आतल्या साडेपाचशेतली साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली. लिएजच्या बचावाचा बेल्जियन सेनापती जनरल लेमाँ बेशुद्धावस्थेत जर्मनांच्या हाती लागला.

फुटलेल्या जागी मी बराच वेळ रेंगाळलो. खोलीएवढाले तुकडे आणि त्यात सळईचा पत्ता नाही. शिवाय बांधताना रात्री उजेडाची सोय नव्हती म्हणून काम फक्त दिवसा चालायचं. कालचा थर सुकलेला, त्यावर आजचा. जोड कच्चा राहणारच! आपल्याकडे स्लॅब भरायला घेतला की मध्यरात्र झाली तरी थांबत नाहीत, ते उगाच नाही. संडास तर खंदकापलीकडच्या भिंतीत. गोळे पडायला लागल्यावर तिकडे जाणार कोण? पुढे 1916 मध्ये फ्रान्समधल्या वेर्दँच्या किल्ल्यांवर सळईच्या काँक्रीटपुढे याच तोफांचं फारसं चाललं नाही.

किल्ला रोज उघडा नसतो, वार आणि वेळ पाहूनच निघा. दोन-तीन तास हाताशी ठेवा. आत भर उन्हाळ्यातही गारठा असतो, स्वेटर घ्या. बूट न घसरणारे हवेत. फ्रेंच येत नसेल तर इतिहास थोडा वाचून जा. आणि फोटोसाठी ढिगाऱ्यावर चढू नका, खाली बरेच सैनिक अजून तसेच आहेत. आम्ही डबाही फाटकाबाहेर येऊनच उघडला.