हिरोशिमा: पिंपातल्या नाण्यांवर जगलेला संघ

हिरोशिमाला बहुतेक जण शांती स्मारक बघायला जातात, आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी स्टेशनाबाहेर आलो तर लाल जर्सी घातलेली अख्खी कुटुंबं एकाच दिशेनं निघालेली. आजोबा, नातवंडं, ऑफिसातून थेट आलेल्या मुली. त्यांच्या मागोमाग दहा मिनिटं चाललो की माझदा स्टेडियम.

कार्प हा इथला बेसबॉल संघ 1950 मध्ये खेळायला लागला. अणुबॉम्ब पडून जेमतेम पाच वर्षं झालेली, संघाच्या पाठीशी कुणी बडी कंपनी नाही. 1951 मध्ये पैसे संपले, संघ दुसऱ्या संघात विलीन करायचं घाटत होतं. तेव्हा मैदानाच्या दाराशी साकेची, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूची, लाकडी पिंपं ठेवली गेली. ज्या गावाला स्वतःची घरं बांधायची होती, त्या गावानं त्यात नाणी टाकली. संघ वाचला. पहिलं लीग विजेतेपद मिळालं थेट 1975 मध्ये! हे माहीत असेल तर इथला आरडाओरडा वेगळाच ऐकू येतो.

प्रत्येक फलंदाजाचं वेगळं गाणं असतं. ट्रम्पेट वाजलं की अर्धे प्रेक्षक उभे राहतात, अर्धे खाली बसतात, मग उलट. नाव पुकारत हे उठणं-बसणं चालूच. माझ्या शेजारच्या आजी सत्तरीच्या तरी असतील. मला काही जमेना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या दोन छोट्या प्लास्टिकच्या बॅटी माझ्या हातात दिल्या आणि मनगट धरून ठेका शिकवला. आपला संघ क्षेत्ररक्षणाला गेला की हेच लोक बरेच शांत होतात, गाण्याची पाळी पाहुण्यांची. ही शिस्त मला फार आवडली.

हिरोकी कुरोदा या पिचरचं (चेंडू टाकणाऱ्याचं) नाव काढलं तर इथे कुणाचाही चेहरा खुलेल. अमेरिकेतला मोठा पैसा सोडून तो 2015 मध्ये या संघात परतला आणि पुढच्याच वर्षी, 25 वर्षांनी, कार्पनं लीग जिंकली.

जाणार असाल तर तिकीट आधी काढा, आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. पाहुण्यांच्या समर्थकांसाठी वेगळा भाग असतो, तिथलं तिकीट चुकूनही घेऊ नका. आणि कार्पच्या भागात समोरच्या संघाची जर्सी नको. वर छप्पर मोजकंच, पाऊस आला तर छत्री उघडता येत नाही, म्हणून रेनकोट हवाच. पेयांचे कॅन आणि काचेच्या बाटल्या आत नेऊ देत नाहीत. कार्प उदोन हे जाड नूडल्सचं सूप 1957 पासून, जुन्या मैदानापासून विकलं जातंय, पण रस्सा माशाचा असतो. शाकाहारी असाल तर पोट भरूनच जा.

तासभर आधी पोचा. आतून मैदानाला पूर्ण फेरी मारता येते. डावीकडची बाजू रुळांच्या दिशेनं मुद्दाम मोकळी ठेवली आहे, तिथून शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन जाताना दिसते आणि गाडीतल्यांना मैदान दिसतं.

दुसऱ्या दिवशी ट्रामनं अणुबॉम्ब घुमटापाशी, म्हणजे स्फोटातून उरलेल्या त्या इमारतीपाशी गेलो. 2008 पर्यंत संघाचं मैदान बरोबर त्याच्या समोर, रस्त्यापलीकडे होतं. आजींनी दिलेल्या बॅटी माझ्या पिशवीतच होत्या, त्यांनी परत घेतल्याच नाहीत.