आधी फिल्टर, मग मासे: नवी टाकी लावतानाचा माझा अनुभव

नव्या टाकीतले मासे पहिल्या पंधरवड्यात मरू लागले की लोक औषधाची बाटली शोधतात. बहुतेक वेळा रोग नसतोच. पाणी नितळ दिसतं, पण त्यात अमोनिया साठलेला असतो. तो माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून सतत सुटतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही घातक. नायट्रेट बरंच सौम्य असतं आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू बहुतांशी फिल्टरच्या स्पंजला आणि रेतीला चिकटून राहतात, पाण्यात नाही, आणि फार सावकाश वाढतात. त्यामुळे मी आधी फिल्टर तयार करतो.

‘टाकी भरून आठवडाभर चालू ठेवा आणि मग मासे सोडा’ हा सल्ला सर्रास मिळतो. मला तो निरुपयोगी वाटतो. रिकाम्या टाकीत जिवाणूंना खायला काहीच नसतं. आठव्या दिवशीचा फिल्टर पहिल्या दिवसाइतकाच कोरा असतो.

म्हणून मासे सोडण्याआधी जिवाणूंचं खाद्य म्हणून मी टाकीत अमोनिया स्वतः घालतो. १०० लिटर पाण्याला १० टक्के तीव्रतेचं अमोनियाचं द्रावण २ मिली घातलं की साधारण २ पीपीएम (म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम) होतं. द्रावणात सुगंध किंवा साबण नको. बाटली हलवल्यावर फेस टिकून राहिला तर ती वापरू नये. द्रावण न मिळाल्यास शुद्ध अमोनियम क्लोराइड ०.६ ग्रॅमच्या आसपास पुरतं. हीटर २७ अंशांवर, एअर पंप दिवसरात्र चालू. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवावं लागतं, कारण ते जिवाणूही मारतं. पाणी उघडं ठेवून एक दिवस एअर पंप लावला तर क्लोरीन उडून जातं, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) मात्र उडत नाही. त्याला क्लोरीन काढणारं औषधच हवं.

मोजणीसाठी थेंबांचं टेस्ट किट घ्यावं. नायट्रेटच्या किटमधली दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर आकडा खोटा कमी येतो. पाण्यात नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटचा आकडाही भरवशाचा नसतो, त्यामुळे सुरुवातीला मी तो बघतच नाही. आधी अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतं. तो टप्पा सगळ्यांत रेंगाळतो आणि धीर इथेच सुटतो. अमोनिया शून्यावर आला की मी पुन्हा १ ते २ पीपीएम घालतो. नायट्राइट किटच्या शेवटच्या रंगाच्याही पलीकडे गेलं तर अर्धं पाणी बदलतो.

मध्येच सगळं ठप्प झालं तर पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते, तपासावा. अमोनिया पचवताना हे जिवाणू पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल शोषून पीएच टिकवून धरण्याची ताकद, खातात. ती संपली की पीएच घसरतो, आणि साडेसहाच्या खाली त्यांचं काम खूप मंदावतं. १०० लिटरला ३ ग्रॅम खायचा सोडा घातला की कार्बोनेट कठीणपणा (क्षारतेचं माप) १ अंशाने वाढतो. एकदम जास्त ओतण्यापेक्षा रोज थोडा बरा.

२ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, आणि दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, की टाकी तयार. शून्यापासून सुरुवात केली तर चार ते सहा आठवडे धरून चालावं. निरोगी जुन्या टाकीतला मळका स्पंज नव्या फिल्टरमध्ये घातला तर हा वेळ खूपच कमी होतो. बाटलीत विकत मिळणाऱ्या जिवाणूंपेक्षा माझा त्यावर जास्त विश्वास आहे. शेवटी मोठा पाणीबदल करून नायट्रेट २० पीपीएमच्या आसपास आणतो.

मासे एकदम भरत नाही. ठरवलेल्यापैकी एक तृतीयांश आधी, पुढचे दहा-बारा दिवसांनी. जवळून आणलेली पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्यावी, मग थोडं थोडं टाकीचं पाणी त्यात घालावं आणि मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतलं पाणी टाकीत जाऊ देऊ नये. लांबच्या प्रवासाच्या पिशवीला मात्र हा संथपणा महागात पडतो. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, म्हणून साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो; पीएच ७ वरून ८ झाला तर त्यातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. अशा वेळी फक्त तापमान जुळवून मासे लगेच हलवतो.

पहिला महिना दिवसातून एकदाच खाद्य, तेही दोन मिनिटांत संपेल इतकंच. पाणी दुधासारखं गढूळ झालं तर ते दुसऱ्याच जिवाणूंचं काम असतं. खाद्य कमी करावं, ते आपोआप निवळतं. फिल्टर धुवायला काढू नये. स्पंज पुढे केव्हाही धुवायचा तर टाकीतून काढलेल्या पाण्यात नुसता पिळावा.

मासे असताना अमोनिया किंवा नायट्राइट ०.२५ पीपीएमच्या वर दिसलं तर त्याच दिवशी अर्धं पाणी बदलावं, नवं पाणी क्लोरीनमुक्त आणि त्याच तापमानाचं. नायट्राइट असेल तर १०० लिटरला १० ग्रॅम साधं मीठ विरघळवून घालावं. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाने हवा घेत असतील तर आधी पाणी मोजा, औषध नंतर.

खरा रोग नव्या माशांबरोबर येतो तो बहुधा पांढऱ्या ठिपक्यांचा. औषध फक्त पाण्यात पोहणाऱ्या परजीवीला मारतं, अंगावरच्या ठिपक्यांना नाही, म्हणून ठिपके गेल्यावरही ते काही दिवस चालू ठेवावं लागतं. मिथिलीन ब्लू मुख्य टाकीत कधीच नको, त्याने फिल्टरमधले जिवाणू मरतात. त्यासाठी वेगळा टब आणि वेगळा स्पंज ठेवावा. ठिपके दिसले की मुख्य टाकीतही परजीवी असतोच. तिथे फिल्टरला न बाधणारं औषध द्यावं.