‘समजलं का?’ – एकोणीस वेळा

मागच्या दिवाळीत माहेरी गेले होते. ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. चकल्या पाडता पाडता तिने सहज विचारलं, "काय गं, तुमच्या कॉलेजात पाठ कोण बघतं?" मी म्हटलं, पाठ म्हणजे? "अगं म्हणजे तू शिकवत असताना मागं बसून कोण बघतं?" मी म्हटलं कोणी नाही, कॉलेजात असलं काही नसतं. तिने सोऱ्या खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मग तुला कळतं कसं?"

काय कळतं हे विचारायची गरजच नव्हती. मला राग आला होता थोडा. मी पीएच.डी., सेट म्हणजे प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा पास, असिस्टंट प्रोफेसर, आणि ही मला पाठ शिकवतेय. पण रात्री झोपताना तेच डोक्यात. ताईने डी.एड. केलं तेव्हा मी शाळेत होते आणि तिच्या त्या वह्या मला आठवतात, पाठ टाचण, उद्दिष्टं, शैक्षणिक साधन, फलक लेखन, आणि बाजूला लाल शाईत मॅडमचे शेरे. आधी सूक्ष्म पाठ, म्हणजे पाचसहा मिनिटांचा, त्यात एकच कौशल्य, नुसते प्रश्न विचारणं किंवा नुसतं फळा वापरणं, आणि समोर विद्यार्थी म्हणून बसलेल्या तिच्याच मैत्रिणी. मग खऱ्या शाळेत जाऊन सराव पाठ. ती रडत घरी यायची कधीकधी. चौथीच्या पोरांना भागाकार शिकवायला आपल्याकडे एवढी तयारी लागते, आणि बी.ए.च्या पोरांना अर्थशास्त्र शिकवायला काय लागतं, तर एम.ए. आणि नेट नाहीतर सेट. त्या परीक्षेच्या पेपर एकमध्ये ५० प्रश्न असतात, दहा घटक, त्यातला एक घटक अध्यापन अभियोग्यता, म्हणजे साधारण पाच प्रश्न. दहा मार्कांचं शिकवणं. तेही चार पर्यायांतून गोल करायचं.

माझी सुरुवात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर झाली. पहिल्या दिवशी विभागप्रमुखांनी टाइमटेबल दिलं, हजेरीचा मस्टर दिला, आणि म्हणाले एफवाय घ्या, तिथे फार त्रास नसतो. बस, हे माझं ट्रेनिंग. मग मी काय केलं, तर मला ज्यांनी शिकवलं त्यांच्यासारखं शिकवायला लागले, म्हणजे नोट्स सांगायच्या. "लिहा, स्वल्पविराम, मागणीची लवचिकता म्हणजे, किमतीत होणाऱ्या बदलास..." पोरं मान खाली घालून लिहायची, वर्ग शांत, मला वाटायचं काय कंट्रोल आहे आपला. सीएचबीवर पाच वर्षं काढली, तासाप्रमाणे पैसे, तेही येतील तेव्हा येतील, त्यामुळे दोन कॉलेजं धरलेली, एसटीत बसून पुढच्या तासाची तयारी. त्या काळात कोणी मला ट्रेनिंगला पाठवलं असतं तरी मी गेले नसते, कारण बुडालेल्या तासाचे पैसे कोण देणार. आणि गंमत म्हणजे आमच्याकडे एफवायच्या वर्गांवर बहुतेक सीएचबीवालेच असतात. ज्यांना शिकायची सगळ्यात जास्त गरज आहे ते सगळ्यात नवीन पोरांसमोर उभे आणि दोघांनाही विचारणारं कोणी नाही.

मग परमनंट झाले आणि लगेच सुरू झालं ते सर्टिफिकेटचं. बाहेरच्या लोकांना माहीत नसतं म्हणून थोडक्यात सांगते. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, विद्यापीठांत अकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली, कॉलेजच्या शिक्षकांनाही शिकवण्याचं शिक्षण मिळावं म्हणून. पुढे त्यांचं एचआरडीसी झालं, २०२३ पासून मालवीय मिशन. नाव बदललं तरी जुने सर अजून "ओरिएंटेशनला गेलो होतो" असंच म्हणतात. त्यांच्या वेळी चार आठवडे विद्यापीठाच्या गेस्ट हाउसवर राहायचं, त्या आठवणी ते अशा सांगतात की लग्नाच्या पण सांगत नाहीत. नव्याने लागलेल्यांसाठी यूजीसीने २०१९ मध्ये ‘गुरुदक्षता’ नावाने महिनाभराच्या इंडक्शन प्रोग्रॅमची रूपरेषा काढली. आणि हे सगळं प्रमोशनशी जोडलेलं. २०१८ च्या नियमांप्रमाणे पगाराच्या लेव्हल १० वरून ११ ला जायचं तर पीएच.डी. असेल तर चार वर्षं, एम.फिल. असेल तर पाच, नुसतं नेट-सेट असेल तर सहा, आणि सोबत २१ दिवसांचं ओरिएंटेशन हवंच. त्यामुळे स्टाफरूममध्ये "तुझं झालं का?" असं विचारलं की लग्न नाही, ओरिएंटेशन.

माझं झालं ऑनलाइन. कुठल्या केंद्रात ते सोडा. महिनाभर, सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच. मी तो कोर्स कसा केला हे प्रामाणिकपणे सांगते. एका कानात इअरफोन, गॅसवर वरण, आणि कोणी नाव घेतलं की पटकन अनम्यूट. चॅटमध्ये रोज सकाळी साठ जणांचं "गुड मॉर्निंग सर" आणि प्रत्येक सेशननंतर "व्हेरी इन्फॉर्मेटिव्ह सेशन सर". एका सरांनी दीड तास, मी घड्याळ लावून बघितलं, दीड तास सलग विद्यार्थीकेंद्रित अध्यापनावर व्याख्यान दिलं. स्लाइड वाचून. एकही प्रश्न न विचारता. शेवटी म्हणाले वेळ संपल्यामुळे प्रश्नोत्तरं घेता येत नाहीत. ब्लूमची टॅक्सॉनॉमी, म्हणजे शिकण्याच्या पायऱ्यांची उतरंड, तीन वेगवेगळ्या वक्त्यांनी तीन वेळा शिकवली, तोच रंगीत पिरॅमिड. आता मी तो झोपेत काढू शकते, पण त्याचं माझ्या वर्गात काय करायचं हे तिन्ही वेळा राहूनच गेलं.

पण सगळंच वाया गेलं असं म्हणणं खोटं होईल. दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे एका मॅडमनी मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंचं काम सांगितलं, १९७०च्या दशकातलं. त्यांनी वर्गांची रेकॉर्डिंग्ज ऐकून मोजलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती वेळ थांबतात, तर साधारण एक सेकंद. आणि तीनेक सेकंद थांबलं तरी मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात, "माहीत नाही" कमी होतं. मी ते लिहून घेतलं आणि विसरले. दुसरं म्हणजे शेवटच्या आठवड्यातलं मायक्रो टीचिंग. पाच-पाच जणांचे गट, प्रत्येकाला दहा मिनिटं. माझ्या गटात रत्नागिरीकडचे एक गणिताचे सर होते, त्यांना अर्थशास्त्राचा गंध नाही. माझं झाल्यावर बाकीच्यांनी "एक्सलंट मॅडम" केलं आणि हे म्हणाले, "मॅडम, मला एक कळलं नाही. लवचिक नक्की काय असतं? किंमत की मागणी?" मी हसून सांगितलं, सर, मागणी. पण त्या महिनाभरात खऱ्या अर्थाने शिकवण्याबद्दल मला कोणी काही विचारलं असेल तर ते तेवढंच.

तर दिवाळीनंतर कॉलेज सुरू झालं आणि ताईचं वाक्य काही जाईना. आमच्याकडे मराठीचे एक सर आहेत, रिटायरमेंटला दोनेक वर्षं, फार बोलत नाहीत. त्यांना म्हटलं, सर माझ्या तासाला येऊन मागं बसाल का? त्यांना वाटलं वर्गात दंगा होतोय. म्हटलं तसं नाही, मी कशी शिकवते बघायचंय. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "एकतीस वर्षांत मला कोणी असं विचारलं नाही, आणि मीही कोणाला विचारलं नाही." एक अट घातली, प्राचार्यांना सांगायचं नाही, कुठे नोंद करायची नाही.

आले. शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी, हातात पाठकोऱ्या कागदांची वही. विषय मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते, जो मी दहादा तरी शिकवलाय. अठ्ठेचाळीस मिनिटांचा तास. हात थरथरत होते, खडू दोनदा तुटला. आपल्याला वाटतं वर्गात साठ पोरं बघतच असतात की आपल्याला, पण ते बघणं वेगळं असतं हो.

तासानंतर कँटीनमध्ये चहा घेत त्यांनी वही पुढे सरकवली. सल्ला एक नाही, नुसत्या नोंदी, अक्षर मोत्यासारखं. ११.२२, डावीकडची तिसरी मुलगी मागचं पान बघून आलेख काढते, फळ्यावरचा वेगळा आहे, तिला कळलेलं नाही. ११.३१, फळ्याकडे तोंड करून चार मिनिटं. ११.४०, प्रश्न विचारला, उत्तर स्वतःच दिलं. उजवीकडच्या दोन रांगांकडे पूर्ण तासात एकदाही बघितलं नाही. आणि सगळ्यात खाली, ‘समजलं का?’ – १९ वेळा. त्यापुढे कंसात, एकदाही थांबला नाहीत.

एकोणीस! मला वाटत होतं मी वर्गाशी संवाद साधते. माझं "समजलं का" म्हणजे रस्त्यावरच्या हॉर्नसारखं होतं, वाजवायचं आणि पुढे निघायचं. मेरी बड रो आठवल्या तेव्हा. महिनाभराच्या कोर्समध्ये ऐकलेली गोष्ट माझ्याबद्दल होती हे कळायला शेवटच्या बाकावर एक माणूस बसावा लागला.

पुढच्या तासाला मी एक केलं. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवली, अर्धा-अर्धा कागद फाडायला सांगितलं, नाव लिहायचं नाही, आज काय कळलं नाही तेवढं एका ओळीत लिहा. बावन्न चिठ्ठ्या आल्या. सात कोऱ्या, एकावर "मॅडम पंखा बंद आहे", एकावर बदामाचं चित्र. आणि नऊ जणांनी वेगवेगळ्या शब्दांत तोच प्रश्न विचारला होता जो गणिताच्या सरांनी विचारलेला. लवचिक म्हणजे काय लवचिक. मी तेव्हा हसून उत्तर दिलं होतं ना, तिथेच चुकलं होतं माझं. इतकी वर्षं पोरं ती व्याख्या पाठ करून पास होत होती.

मग तिसऱ्या तासाला पुस्तकातलं चहा-कॉफी सोडलं आणि कांदा घेतला. आमचा जिल्हा सोलापूर, कांद्याचं मोठं मार्केट, वर्गातल्या निम्म्या घरांत कांदा. विचारलं, कांद्याचा भाव निम्मा झाला तर तुमच्या घरी भाजीत दुप्पट कांदा पडेल का? आणि थांबले. मनात आकडे मोजले, एक, दोन, तीन, चार. भयंकर लांब असतात ती सेकंदं, सांगते तुम्हाला. उजवीकडच्या रांगेतून, हो त्याच, एक पोरगा म्हणाला, "नाही मॅडम, कांदा कितीबी स्वस्त झाला तरी माणूस किती खाणार." दुसरा म्हणाला म्हणून तर आमचं मरण होतं. दुसऱ्या दिवशी तो घरातली पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, घेऊन आला, आडत्याकडची, घडी पडलेली. ती आम्ही फळ्यावर उतरवली, वजन, भाव, मग वजा हमाली, वजा तोलाई, वजा मोटारभाडं. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून बार्शीकडच्या एका शेतकऱ्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला होता, ती बातमी पोरांना तोंडपाठ होती, मला काढायची गरज पडली नाही. मग मी विचारलं, भाव ५० टक्के पडला आणि खप फक्त १० टक्के वाढला तर लवचिकता किती? दहा भागिले पन्नास, शून्य पूर्णांक दोन, हे एकीने मोबाइल न काढता सांगितलं. आवक वाढली की भाव एवढा का कोसळतो, तर खाणाऱ्याची मागणी ताणतच नाही, हे त्यांनी मला समजावलं, मी फक्त आलेख काढला. या वेळी वर्गाकडे तोंड करून, म्हणजे जमेल तेवढं.

हे सगळे तास असे होत नाहीत हे पण लिहिते. आठवड्याला १६ तास शिकवणं, वर परीक्षेची कामं, ॲडमिशन, एनएसएस, कुठलं ना कुठलं पोर्टल भरणं. त्यात रोज कांदा सापडत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रकरणाला मी परत नोट्स सांगितल्या, सरळ.

माझी एक मैत्रीण इंग्लंडमध्ये लेक्चरर आहे, तिला फोनवर हे सांगत होते. तिच्याकडे नवीन लागलेल्यांना नोकरी करता करता शिकवण्याचं एक पोस्टग्रॅज्युएट सर्टिफिकेट करावं लागतं, त्यात सहकारी येऊन वर्गात बसतात, त्यावर चर्चा होते, मग आपण आपल्याबद्दल लिहायचं. तिकडे १९९७ च्या डिअरिंग समितीच्या अहवालानंतर या गोष्टींनी जोर धरला. मला वाटलं ती कौतुक करेल, तर म्हणाली, अगं इथेही लोक फॉर्म भरण्यापुरतंच करतात, ज्याचं-त्याचं ठरलेलं असतं की तू माझं छान लिही मी तुझं लिहितो. बरं वाटलं ऐकून, खोटं कशाला बोलू.

आता आम्ही तिघं आहोत, मराठीचे सर, मी आणि प्राणिशास्त्राच्या एक मॅडम. महिन्यातून एकदा एकमेकांच्या तासाला बसतो. नियम दोनच. मार्क द्यायचे नाहीत आणि "छान झालं" म्हणायचं नाही, फक्त काय दिसलं ते लिहायचं, वेळेसकट. मी प्राणिशास्त्राच्या वर्गात बसते तेव्हा मला विषय कळत नाही आणि तोच फायदा आहे, कुठे सुटलं ते बरोबर कळतं. सीएचबीवरच्या एका मुलाला विचारलं येतोस का, तर तो म्हणाला मॅडम, पुढच्या वर्षी मला घेणार की नाही ते आधी कळू द्या. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि मागच्या आठवड्यात फुटलंच. आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या सरांना कुठून तरी कळलं. आनंदाने स्टाफरूममध्ये आले, मॅडम, हे तर बेस्ट प्रॅक्टिस आहे, कॉलेजला ग्रेड देणाऱ्या नॅकला दाखवू, एक फॉरमॅट करतो, रजिस्टर ठेवा, ऑब्झर्व्हरची सही, आणि प्रत्येक वेळी एक जिओटॅग फोटो. मराठीचे सर पेपर वाचत होते, मान वर न करता म्हणाले, "फोटो कोण काढणार? मी तर मागं बसलेला असतो." आयक्यूएसीचे सर म्हणाले शिपायाला सांगू.

मंगळवारी ११.१८ ला माझा नंबर आहे, मक्तेदारी शिकवायचीय. शिपाई येणार आहे का ते अजून ठरलेलं नाही.