घाटमाथ्यावरचा समुद्र

बेळगावात समुद्र नाही, पण समुद्राची चित्रं जागोजाग आहेत. दाताच्या डॉक्टरकडे, सलूनमध्ये आरशाच्या वर, लॉजच्या काउंटरमागे, पतसंस्थेच्या कॅलेंडरवर. मावळता सूर्य, त्याच्याकडे वाकलेला माड, शिडाची होडी आणि चार-पाच पक्षी. खऱ्या समुद्राचा आणि आमचा रोजचा संबंध म्हणजे चोर्ला घाट चढून येणारे बांगडे, आणि जूनपासून त्याच अंगानं येणारे ढग. गोव्याला, वेंगुर्ल्याला, कारवारला आम्ही जातो, नाही असं नाही; पण लहानपणी ज्याला आम्ही समुद्र समजलो तो आधी भिंतीवरच भेटला.

दाढ दुखणाऱ्या माणसाला जरा शांत वाटावं म्हणून ते चित्र लावलेलं असतं म्हणे. मला काही वाटत नाही. फार तर माड इतका वाकूनही पडत कसा नाही, एवढंच मनात येतं. चित्रात समुद्राला लागणारं सगळं सामान हजर आहे, तरी आत काही हलत नाही. आणि उलट, ज्यात सामान म्हणावं असं फारसं काहीच नाही, अशी काही चित्रं मात्र माणसाला उभ्या जागी धरून ठेवतात. हे कसं होतं, त्याचा नाद मला बरीच वर्षं लागलाय.

शहापुरात आत्याच्या घरी देवघराशेजारी राजा रविवर्म्याच्या चित्राची जुनी छापील प्रत होती. रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि एरवी राजवाड्यांतच राहिली असती ती चित्रं घराघरांत पोचली. आत्याकडची तसबीर समुद्रावर बाण रोखलेल्या रामाची. खडकावर उभा राम, खाली उसळलेलं पाणी आणि लाटांतून वर येणारा वरुण. ‘देवाला पण राग येतोय बघ,’ म्हणून आत्या हात जोडायची. आता आठवतं तेव्हा जाणवतं की त्या चित्रातला सगळा राग रामाचा. समुद्र तिथे बोलून घ्यायला उभा आहे, नेपथ्याला. रामाला झाकून नुसतं पाणी बघितलं तर ते कुणावर रागावलंय असं वाटलं नसतं.

पाण्याला स्वतःचं असं काही म्हणायचं नसतं, ही गोष्ट मला ड्रॉइंगच्या सरांनी दाखवली. के. बी. कुलकर्णींनी चित्रमंदिर काढून ज्या गावाला चित्रकलेची गोडी लावली, चित्रकार रवी परांजपे ज्या गावात जन्मले आणि के. बीं.च्या हाताखाली शिकले, त्या गावात ड्रॉइंगच्या तासाला थोडा मान होता. एकदा कुणीतरी समुद्र काढायला सुरुवात केली आणि थेट लाटांनाच हात घातला. सर म्हणाले, ‘पाण्याचं मागाहून बघूया. रेघ कुठं घालणार ते आधी सांग की.’ मग त्यांनी कोऱ्या कागदावर एक लाकडी पट्टी आडवी ठेवली आणि ती वरखाली सरकवायला लागले. पट्टी खाली नेली: वर आकाशच आकाश, बघणारा एकदम एकटा. पट्टी वर नेली: पाणी पायाशी येऊन वर चढतंय, श्वास घ्यायला जागा नाही. पट्टी बरोबर मध्यावर आणून ते हसले. ‘ही झाली कॅलेंडर छापायची जागा.’ क्षितिजाची रेघ नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. म्हणजे ती कुठे घालायची हे ठरवणारा चित्रकार खरं तर आपल्याला कुठे उभं करायचं ते ठरवत असतो. कड्यावर, वाळूत, की पाण्यात गळ्यापर्यंत.

होकुसाई या जपानी चित्रकारानं साधारण १८३१ साली, सत्तरीच्या आसपास, कानागावाच्या लाटेचं ते जगप्रसिद्ध चित्र केलं तेव्हा आपल्याला जवळजवळ पाण्याच्या पातळीवर उतरवलं. त्यामुळे फुजीसारखा डोंगर लाटेच्या पोटाखाली बोटभर दिसतो. लाट तर टी-शर्टापासून कपबशीपर्यंत सगळीकडे पोचली आहे, पण होड्यांतली माणसं फार कुणी बघत नाही. ती वल्ह्यांवर वाकून होडीला चिकटलीत. भीती आहे ती तिथे. लाट नुसती सुंदर आहे.

कूर्बे हा फ्रेंच चित्रकार मला आमच्यातला वाटतो. त्याचं ओर्नां गाव स्वित्झर्लंडच्या बाजूचं, डोंगरदऱ्यांतलं; समुद्र त्यानं बघितला तोच मुळी बाविशीच्या सुमाराला. पुढे १८६९ मध्ये तो एत्रताच्या किनाऱ्यावर राहिला आणि लाटांमागून लाटा रंगवत सुटला. कित्येक ठिकाणी त्यानं ब्रश बाजूला ठेवून सुरीनं रंग लावलाय, गवंडी थापीनं गिलावा चढवतो तसा. त्यामुळे त्याचं पाणी वाहत नाही, ते अंगावर कोसळायच्या बेतात असतं. जन्मभर कडे बघितलेल्या माणसाला लाटही कड्यासारखीच दिसली असणार, हा आपला माझा तर्क. समीक्षकांना विचारलेलं नाही.

आयवाझोव्स्की या रशियन चित्रकाराचं सगळं उलट. तो काळ्या समुद्राकाठच्या फिओदोसिया बंदरात जन्मला, तिथेच घर बांधून राहिला, आणि तरी लाटा समोर बसून रंगवायच्या नसतात, असं त्याचं ठाम मत. हलतं पाणी ब्रशला पोज देत नाही. बघायचं, साठवायचं आणि आत येऊन आठवणीतून काढायचं. अशी हजारो चित्रं त्यानं केली. १८५० सालची ‘नववी लाट’ त्यातलीच, तीन मीटरहून रुंद. फुटक्या जहाजाच्या डोलकाठीला काही माणसं लटकलेली, समोर डोंगराएवढी लाट, आणि चित्र तरीही निराश करत नाही. का, तर पाठीमागून उन्हाचा पिवळा-केशरी झोत येतोय आणि लाटेचा वरचा पातळ काठ त्यानं आरपार हिरवा झालाय. रंगाचे पातळ थर एकावर एक चढवून आणलेली ती पारदर्शकता. माणसं वाचतील की नाही हे चित्र सांगत नाही, पण उजेड त्यांच्या बाजूनं बोलतो.

एक गंमत घरबसल्या करून बघण्यासारखी आहे. मोने या फ्रेंच चित्रकाराचं १८७२ चं, ल आव्हरच्या बंदरातल्या सूर्योदयाचं चित्र मोबाइलवर उघडायचं आणि फोटोतले रंग काढून ते काळंपांढरं करायचं. केशरी सूर्य जवळजवळ गायब होतो! तो सूर्य आणि मागचं करडं-निळं आकाश, दोघांचा उजळपणा त्यानं सारखाच ठेवलाय. फरक फक्त रंगाचा. म्हणून तो गोळा धड पेटत नाही, धड विझत नाही, नुसता थरथरतो. अर्धवट झोपेतल्या पहाटेची भावना त्या थरथरीतून येते. आमच्या दातांच्या डॉक्टरकडचा सूर्य मात्र काळापांढरा केला तरी तसाच ठणठणीत राहतो. मी करून बघितलंय, नंबर यायला वेळ होता.

टर्नर या इंग्रज चित्रकाराबद्दल लिहायला लागलो तर थांबणं कठीण, तेव्हा एकच. ‘टेमेरेर’ हे जहाज १८०५ मध्ये ट्रफाल्गारच्या आरमारी लढाईत लढलं आणि म्हातारपणी भंगारात निघालं. टर्नरनं १८३९ साली त्याचं शेवटचं जाणं दाखवलं. प्रत्यक्षात त्याच्या डोलकाठ्या आधीच उतरवल्या होत्या. टर्नरनं त्या परत उभ्या केल्या, जहाज भुतासारखं फिकट केलं, पुढे धूर ओकणारी काळी बुटकी आगबोट लावली, आणि पाणी ठेवलं अगदी स्तब्ध. एक लाट जरी उठवली असती तरी ते दुःख पातळ झालं असतं.

आणि मग जर्मन चित्रकार फ्रीडरिश. १८०८ ते १८१० या काळात त्यानं रंगवलेलं ‘समुद्रकाठचा साधू’. पाऊण भागाहून जास्त आकाश, खाली काळ्या पाण्याची चिंचोळी पट्टी, त्याखाली फिकी वाळू आणि तिच्यावर बोटाच्या पेराएवढा माणूस. बाकी काही नाही. आतल्या थरांची तपासणी झाली तेव्हा कळलं की आधी त्यानं जहाजं काढली होती. मग ती रंगाखाली बुजवून टाकली. जहाज असतं तर नजरेला टेकायला जागा मिळाली असती. ती त्यानं काढून घेतली. आषाढात राकसकोपच्या काठावर धुकं उतरतं आणि पलीकडचा काठ नाहीसा होतो, तेव्हा तसंच काहीसं होतं. पायाखाली आपल्या पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे हे माहीत असूनही पोटात गलबलतं.

या चित्राची चांगली मोठी प्रिंट काढून मी गल्लीतल्या फ्रेमवाल्याकडे नेली. त्यानं ती टेबलावर पसरली, चष्मा वर केला, आणि एकदा चित्राकडे, एकदा माझ्याकडे बघितलं.

‘ह्यात काहीच नाही की ओ.’

‘आहे की, माणूस आहे.’

‘तो दिसतोय. वर सगळं रिकामंच आहे म्हणतो मी.’ त्यानं टेप लावून मोजलं, पोराला कन्नडमधून काहीतरी सांगितलं, आणि पोरानं आतून एक तयार चौकट आणली. ती त्यानं चित्रावर ठेवली. चौकटीत समुद्र आला, साधू आला, वाळू आली आणि अर्ध्याहून जास्त आकाश बाहेर राहिलं. साधू एकदम मोठा झाला. फिरायला आलेला एखादा रिटायर्ड माणूस वाटायला लागला.

‘एवढं वरचं कापून टाकूया. तयार साइझात बसतंय, तुमचे पैसे वाचतात.’

‘नको, आकाश सगळं पाहिजे.’

‘मग पट्टी जास्त लागणार, काच पण जास्त. रिकाम्या जागेचे पैसे पडतील बघा.’

पडू देत म्हटलं, आणि ॲडव्हान्स दिला.