जांभ्याची माती + कोळशाची राख : मिरगापर्यंतचा हिशोब

आधी वाईट बातमी सांगून टाकतो, ४० टक्के राखवाल्या दोन्ही कुंड्यांतली चवळी मेली. २० टक्केवाली एक जगून आहे पण तिच्याकडे बघवत नाही.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. घर खाडीच्या वरच्या अंगाला, परड्यात जांभ्याची लाल माती, अर्धी माती अर्धे खडे. शेजारच्या गावात राखेच्या विटा पाडणारा ओळखीचा आहे, त्याच्याकडून जानेवारीत एक गोण फ्लाय अ‍ॅश (वीज केंद्रात कोळसा जळल्यावर उरते ती बारीक राख) आणली आणि बारा इंची दहा कुंड्या भरल्या, राख ० / ५ / १० / २० / ४० टक्के, प्रत्येकी दोन. मोजमाप वजनाने नाही, गोडेतेलाच्या जुन्या डब्याने, त्यामुळे कोणी दशांशात विचारू नका. शेणखत सगळ्यांत सारखंच घातलं कारण राखेत नत्र नावालाही नसतं, भट्टीतच उडून जातं. राख म्हणजे खत असा समज असेल तर इथेच सोडा.

आता चवळीचं. तिसऱ्या आठवड्यात खालची जुनी पानं कडेने पिवळी पडली, मग कडा तपकिरी, कोणी अगरबत्तीने भाजत नेल्यासारख्या, आणि मधला भाग मात्र हिरवागार. मला आधी वाटलं पाणी मचूळ झालं असेल, आमची विहीर उन्हाळा चढला की तशी चव देतेच. पण बिनराखेच्या कुंड्यांना तेच पाणी, त्याच तांब्याने, आणि त्यांना काही नाही! म्हणजे दोष राखेचा. लॅबला काही पाठवलेलं नाही, पण जुन्या पानांच्या कडांपासून सुरू होणारी जळ हे बोरॉन (पिकाला अगदी चिमूटभर लागणारं अन्नद्रव्य) जास्त झाल्याचं ठरलेलं लक्षण आहे, ताज्या राखेत बोरॉन पाण्यात पटकन विरघळतो, आणि शेंगवर्गातली बरीच पिकं त्याला नाजूक असतात. चवळी निवडली हीच माझी चूक, नाचणी लावली असती तर कदाचित एवढं कळलंच नसतं.

मग मार्चमध्ये राख धुऊन बघितली. बादलीत राख, वर पाणी, काठीने ढवळायचं, रात्रभर बसू द्यायचं, वरचं पाणी ओतून द्यायचं, असं चार वेळा. पहिल्याच दिवशी पाण्यावर करड्या सायीसारखा थर तरंगत होता, बोटावर घेतला तर पिठूळ आणि वजनच नाही. ते राखेतले पोकळ गोळे, आत हवा असलेले, म्हणून तरंगतात. ती धुतलेली राख २० टक्के घालून परत चवळी टोकली, कडा थोड्या पिवळ्या झाल्या पण भाजल्या नाहीत. हे धुवण विहिरीपासून लांब, गडग्यापलीकडे कातळावर ओतलं, आणि ते बरोबर केलं का हा प्रश्न डोक्यात आहेच, कारण राखेतून जे सुटतं ते कुठेतरी जाणारच ना. आपल्याकडे पाऊस धोधो, उघड्यावर टाकली तर एका पावसाळ्यात राख आपोआप धुऊन निघेल, पण मग ते सगळं आपल्याच विहिरीत.

आम्लतेचा रिझल्ट तर लाजिरवाणा. आपली माती आंबट, माझ्याकडे पीएचच्या पट्टीवर साधारण साडेपाच (सात म्हणजे आंबट नाही, खारी नाही). १० टक्के राखेने ती सहाच्या आसपास गेली, तीही डोळे बारीक करून रंग बघितला तर. आपल्याकडच्या कोळशाच्या राखेत सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाच भरपूर, चुन्याचा अंश कमी, मग आंबटपणा मोडणार कसा. आईने न्हाणीतल्या चुलीची मूठभर राख नुसती माती असलेल्या एका कुंडीत घातली आणि आठवड्याने पट्टी थेट सातला! "आम्ही तरव्याला राब भाजायचो तो काय गंमत म्हणून?" इति आई. (तरवा म्हणजे भाताची रोपं, आणि राब म्हणजे ती पेरायच्या जागी आधी जाळायचा पालापाचोळा.) लाकडाच्या राखेत चुना आणि पालाश असतो, त्या बाबतीत ही राख तिच्या जवळपासही नाही. दोन्ही राखाडी दिसतात एवढंच साम्य.

मग राखेचा फायदा काय? पाणी. हा एकच मुद्दा मला खरंच पटला. जांभ्याच्या मातीत पोकळ्या मोठ्या, शिंपलं की पाणी थेट खालच्या बशीत. राखेचा कण गाळाएवढा बारीक, तो खड्यांच्या फटीत जाऊन बसतो आणि पाणी धरतो. एप्रिलच्या उन्हात बिनराखेची कुंडी दुसऱ्या दुपारी मान टाकायची, १० टक्केवाली तिसऱ्या दुपारपर्यंत ताठ. पण जास्त झाली की उलटं, ४० टक्क्यात पाणी वरच साचून राहायचं आणि वाळलं की पापुद्रा.

एक गाढवपणा पण नोंदवून ठेवतो. आंबटपणा जात नाही म्हणून उरलेल्या राखेत चुना मिसळला आणि गोण पडवीच्या टोकाला ठेवली, तिथे पागोळी पडते हे विसरलो. मेमधल्या अवकाळीने गोण भिजली, आणि परवा उचलायला गेलो तर खालचा भाग चिऱ्यासारखा! राख, चुना आणि पाणी म्हणजे सिमेंटचाच भाऊ, आणि हे मला वीटवाल्याकडून राख आणूनही सुचलं नाही. आता ते ढेकूळ पायरीपाशी पडलंय, आई त्यावर बादली ठेवते.

कोणी शेतात टाकायचा विचार करत असेल तर हे गणित करा. एक गुंठा, वरची १५ सेंटिमीटर माती म्हणजे साधारण १५ घनमीटर. त्यात १० टक्के राख म्हणजे दीड घनमीटर, वजनाने दीड टनाच्या आसपास, ५० किलोच्या तीसेक गोण्या. एका गुंठ्याला! शिवाय राखेत आर्सेनिक, क्रोमियम, शिसं थोडंथोडं असतं आणि कोळसा बदलला की प्रमाण बदलतं. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेत वीज केंद्रांना सगळी राख वापरात आणायची सक्ती आहे, वापरांच्या यादीत शेतीही आहे, पण माती तपासून आणि बेताने. फुकट मिळते म्हणून ट्रॉली ओतून घेणाऱ्यांनी ते "तपासून" नीट वाचावं. आणि हाताळताना मास्क लावा, आधी पाणी शिंपडा, मी पहिल्या दिवशी तसाच भिडलो आणि रात्रभर खोकलो.

राखेच्या कुंड्यांतल्या शेंगा आम्ही खाल्ल्या नाहीत, उपटून टाकल्या. आई म्हणाली, "खायची नव्हती तर लावलीस कशाला?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मिरगाला ५ आणि १० टक्केवाल्या चार कुंड्यांत गोंडा (झेंडू) लावतोय, रोपं तयार आहेत. ४० टक्केवाली माती अजून तशीच पडून आहे, तिचं काय करायचं ते कोणी सुचवा.